कोणता माईक घ्यावा?

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या तरुण मंडळींच्या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. पूर्वी नाताळच्या तोंडावर गायकवृंदातील मुले विचारीत, “फादर, यंदा कोणती गीते बसवायची?” आता ती विचारतात, “फादर, रेकॉर्डिंगसाठी कोणता माईक घ्यावा?” एके काळी भक्तिगीतांची ध्वनिफीत काढायची तर मुंबईचा स्टुडिओ गाठावा लागे, तासावर पैसे मोजावे लागत आणि घड्याळाकडे डोळा ठेवून गावे लागे. आज एक संगणक, त्याला जोडावयाची वहीएवढी पेटी (तिला इंटरफेस म्हणतात) आणि एक कंडेन्सर मायक्रोफोन एवढ्या साहित्यावर धर्मग्रामाच्या सभागृहाचा स्टुडिओ होऊ शकतो.

परंतु दुकानात पाऊल टाकले की गोंधळ सुरू होतो. काही हजारांपासून काही लाखांपर्यंत किमती, बाहेरून बहुतेक सारखेच रूप, आणि प्रत्येक खोक्यावर ‘स्टुडिओ’ हा शब्द! विक्रेता किमतीवरून गुण सांगतो आणि ग्राहकही किमतीवरूनच गुण जोखतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हांला पहिला धडा मिळाला होता, की उत्तर शोधण्यापूर्वी प्रश्न तपासून घ्यावा. ‘सर्वांत चांगला माईक कोणता?’ हा प्रश्न तपासू गेल्यास तो अपुरा असल्याचे ध्यानात येते. आवाज कोणाचा, खोली कोणती आणि अंतर किती, या तीन गोष्टी ठरल्याखेरीज त्याला उत्तरच नाही.

आमच्या धर्मग्रामात हा प्रश्न निव्वळ हौसेचा राहिला नव्हता. वसईच्या आमच्या समाजात लग्नाच्या मांडवात बायका जी गाणी गात आल्या, ती कादोडीत वा वाडवळीत आहेत. ती बहुतांशी कागदावर नाहीत, गळ्यात आहेत. आमच्या धर्मग्रामात ही गाणी अथपासून इतिपर्यंत म्हणू शकणाऱ्या अवघ्या सातजणी उरल्या होत्या आणि त्यांतल्या थोरल्या आजींनी ऐंशी ओलांडली होती. तरुणांनी ती गाणी ध्वनिमुद्रित करण्याचे मनावर घेतले. घरटी वर्गणी जमली. मग दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, “एकदाच घ्यायचा तर जगात नावाजलेला घ्या.” दुसरा म्हणे, “खिशातला मोबाईल काय वाईट? एवढ्या पैशांत शाळेच्या भिंती रंगवून होतील.” वर्गणी भाजीवाल्या, फुलवाल्या कुटुंबांची होती. तिचा हिशेब द्यावयाचा तो आम्हांला. सबब दोन्ही पक्षांना थोडे थांबवून आम्ही या यंत्राचा अभ्यास करावयाचे ठरविले.

आपल्या चर्चमध्ये वाचनपीठावर जो माईक असतो तो प्रायः ‘डायनॅमिक’ जातीचा. त्यात पडद्याला तारेची एक बारीक गुंडाळी चिकटविलेली असते आणि ती लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलली की वीज उत्पन्न होते. हा गडी मोठा दणकट. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ साली निघालेला माईक आजही जगभरच्या रंगमंचांवर दिसतो, याचे कारण हेच. तो आदळआपट सोसतो आणि तोंडाजवळचा आवाज पकडून दूरचा बराचसा सोडून देतो. तथापि त्या गुंडाळीचे वजन पडद्याला वाहावे लागते, आणि त्यामुळे आवाजातली अतिसूक्ष्म थरथर त्याच्या हातून निसटते.

कंडेन्सरची गोष्ट निराळी. त्यात प्लॅस्टिकचा एक विलक्षण पातळ पापुद्रा असतो. मिलिमीटरचे हजार भाग कल्पिले तर त्यातले सहाएक भाग एवढीच त्याची जाडी, आणि तीवर सोन्याचा मुलामा. त्याच्या मागे केसाएवढेही अंतर न ठेवता धातूची एक तबकडी बसविलेली असते. दोहोंमध्ये विजेचा भार साठविलेला असतो. आवाजाने पापुद्रा हलला की अंतर बदलते, अंतर बदलले की विजेचा दाब बदलतो, आणि हाच बदल म्हणजे आपला आवाज. पापुद्र्यावर कसलेही ओझे नसल्याने तो श्वाससुद्धा टिपतो. मात्र हा संदेश इतका क्षीण असतो, की माईकच्या पोटातच त्यासाठी एक छोटे विद्युत्मंडल ठेवावे लागते आणि त्याला बाहेरून वीज पुरवावी लागते. इंटरफेसवर ४८ व्होल्टचे जे बटन असते ते याचसाठी.

हा आकडा कोठून आला, हे ऐकण्याजोगे आहे. जर्मनीच्या नॉयमान कंपनीने १९६६ साली केएम ८४ हा माईक बनविला. नॉर्वेच्या नभोवाणीला असा माईक हवा होता, ज्याची वीज ध्वनीच्याच तारेतून यावी. त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती, तीच वापरावयाचे ठरले. तेथील दिव्यांचा तो आकडा आज आपल्या घरातल्या पेटीवर छापलेला आहे.

या यंत्राने गाण्याला काय दिले हे समजावयाचे तर थोडे मागे जावे लागेल. १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा माईक नव्हताच. गायिकेने एका कर्ण्याच्या तोंडाशी खड्या आवाजात गावयाचे आणि त्या आवाजाच्या जोरावर सुईने मेणावर रेघ ओढावयाची! ज्याचा आवाज मोठा त्याचेच गाणे टिकावे, असा तो काळ. १९१६ साली अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला आणि १९२५ पासून तबकड्यांचे मुद्रण विजेच्या साहाय्याने होऊ लागले. हळू गाणारालाही तबकडीवर जागा मिळू लागली ती तेव्हापासून. १९२८ मध्ये बर्लिनला गेऑर्ग नॉयमान यांनी असे माईक कारखान्यात बनवून विकावयास आरंभ केला. १९४९ चा यू ४७ आणि १९६७ चा यू ८७ ही त्याच घराण्याची पुढची अपत्ये. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट व गेरहार्ट झेसलर यांनी भार कायमचा धरून ठेवणारा इलेक्ट्रेट पडदा सिद्ध केला, आणि या जातीचे माईक स्वस्त झाले. आमच्या ऐंशी वर्षांच्या आजींचा खालच्या पट्टीतला, किंचित कापरा आवाज १९०२ च्या कर्ण्याने नाकारला असता. आज तो नोंदविता येतो, हे या साऱ्या परंपरेचे ऋण आहे.

आता निवडीकडे वळू. पहिली बाब पापुद्र्याच्या आकाराची. सुमारे एक इंच व्यासाच्या पापुद्र्याचे ते मोठे माईक, अर्धा इंच वा त्याहून लहान ते छोटे. मोठा माईक एकट्या गळ्याला भरदारपणा देतो आणि त्याची स्वतःची खरखर बहुधा कमी असते. छोटा माईक अधिक प्रामाणिक. बाजूने येणारा आवाजही तो फारसा न बिघडविता देतो, म्हणून व्हायोलिन, गिटार, तंबोरा किंवा संपूर्ण गायकवृंद यांच्यासाठी छोट्यांची जोडी उत्तम. चर्चमध्ये गायकवृंद गात असताना फ्रेंच नभोवाणीची एक जुनी रीत उपयोगी पडते. दोन छोटे माईक एकमेकांपासून १७ सेंटिमीटरवर, ११० अंशांचा कोन करून लावावेत. आपल्या दोन कानांतील अंतराशी ही मांडणी जुळती असल्याने ऐकणाराला आपण बाकावर बसलो आहोत असे वाटते.

दुसरी बाब खरखरीची. प्रत्येक माईकच्या कागदपत्रांत ‘सेल्फ नॉइज’ या नावाने एक आकडा असतो. रोडे कंपनीच्या एनटी १-ए या तुलनेने स्वस्त माईकचा तो ५ डेसिबेल आहे, तर कैक पटींनी महाग अशा यू ८७ च्या चालू आवृत्तीचा १२. आकडा जितका लहान तितका माईक शांत, हे ध्यानात घेतले म्हणजे किमतीवरून गुण जोखणाराची वाट कशी चुकते ते दिसेल. अर्थात महाग माईकचे गुण इतरत्र असतात. पण ते आपल्याला हवे आहेत काय, हे आधी पाहावे. पंखा फिरत असलेल्या खोलीत चाळीसएक डेसिबेलचा गोंगाट सहज असतो. अशा खोलीत ५ काय आणि १२ काय! पंखा बंद करण्यास पैसे पडत नाहीत.

तिसरी बाब दिशेची. ‘कार्डिऑइड’ म्हणजे हृदयाकृती माईक समोरचे ऐकतो आणि पाठीमागचे बव्हंशी टाळतो. म्हणून रस्त्याकडची खिडकी त्याच्या पाठीशी असावी. आठच्या आकड्याची आकृती असलेला माईक पुढचे व मागचे ऐकतो, पण दोन्ही कुशींना बहिरा असतो. एकच व्यक्ती पेटी वाजवीत गात असेल, तर पेटी त्याच्या बहिऱ्या कुशीकडे ठेवून गळा वर काढता येतो. सर्वदिशा माईक चोहोंकडचे सारखेच ऐकतो. पहिल्या दोन प्रकारांत गायक जसजसा जवळ येतो तसतसा आवाजातला खर्ज फुगतो. सर्वदिशा माईकमध्ये हा दोष नाही. एकाहून अधिक माईक लावले असतील, तर गायक व त्याचा माईक यांतील अंतराच्या तिप्पट अंतर दोन माईकांमध्ये ठेवावे, अन्यथा एकच आवाज दोन वाटांनी येऊन पोकळ होतो. ढोलकी किंवा आपल्या लग्नांतला ब्रास बँड मुद्रित करावयाचा असेल, तर माईक किती मोठा आवाज सोसतो हा आकडा आधी पाहावा. ट्रम्पेटच्या पुढ्यात पुष्कळदा साधा डायनॅमिकच बरा.

चौथी बाब आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटली आणि ती आपल्या भाषेशी निगडित आहे. जुन्या यू ६७ या माईकमध्ये पापुद्र्याची रचना अशी होती, की वरच्या पट्टीतले स्वर थोडे उठून येत. परंतु आतले विद्युत्मंडल त्यांना पुन्हा आवरीत असे. आजच्या अनेक स्वस्त माईकांत तशाच पापुद्र्याची नक्कल असते, पण आवरणारे मंडल नसते. परिणामी आवाज प्रथमदर्शनी चकचकीत वाटतो, आणि ‘स’, ‘श’, ‘च’, ‘झ’ ही अक्षरे सुईसारखी टोचू लागतात. मराठीत आणि आमच्या बोलींत या अक्षरांचा सुकाळ! ‘सासू’, ‘चांदणे’, ‘झाड’ असे शब्द म्हणवून घेतल्याविना माईक विकत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. ‘फ’ आणि ‘भ’ म्हणताना फुंकर पापुद्र्यावर आदळते. त्यासाठी भरतकामाच्या गोल रिंगणावर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसविला की काम भागते.

एवढी सिद्धता झाल्यावर आम्ही तीन माईक मिळविले. दोन परिचितांकडून उसने, एक दिवसाच्या भाड्याने. एकाच आजींनी एकच गाणे, एका वितीच्या अंतरावरून तिन्हींपुढे म्हटले. संगणकावर तिन्हींचा आवाज सारख्या मापाचा करून घेतला, कारण जो किंचित मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो. नावांऐवजी क, ख, ग अशी अक्षरे दिली. गायकवृंदातील मुलामुलींनी आणि दोघा आजींनी डोळे मिटून ऐकले. प्रथम ऐकताना बहुतेकांचे मत ‘क’ला पडले, तो सर्वांत चकचकीत होता. तिसऱ्या खेपेस मते बदलू लागली. थोरल्या आजी म्हणाल्या, “फादर, आवाज माझाच, पण यात मी कुणावर तरी चिडलेली वाटते.” ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात याहून नेमके वर्णन आम्हांला आढळले नाही. ‘ग’ हा सर्वांत महाग माईक होता आणि व्हायोलिनच्या परीक्षेत तो निर्विवाद वरचढ ठरला, हे सांगितले पाहिजे. परंतु आजींच्या गळ्यासाठी ‘ख’ आणि ‘ग’ यांतला फरक कोणालाच छातीठोकपणे सांगता येईना.

आम्ही मध्यम किमतीचा ‘ख’ घेतला. त्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. एक कळ फिरवली की तो हृदयाकृतीचा सर्वदिशा होई. ही गाणी एकटीने म्हणावयाची नसतात. एक ओळ उचलते, बाकीच्या ती झेलतात, मध्येच कोणी हसते, कोणी विसरलेला शब्द पुरविते. सातजणींपुढे सात माईक ठेवले असते, तर त्या एकमेकींकडे पाहण्याऐवजी यंत्राकडे पाहत बसल्या असत्या. सर्वदिशा माईक मधोमध उभा केला आणि त्यांना भोवती गोल बसविले. ज्यांचा आवाज चढा त्यांचे पाट हातभर मागे सरकविले, थोरल्या आजींचा पाट पुढे घेतला. कोणाचा आवाज किती यावा हे बटनांनी न ठरविता पाटांनी ठरविले.

जागेचाही विचार करावा लागला. चर्चमध्ये टाळी वाजविली की तिचा नाद दोन-तीन सेकंद घुमत राहतो. संथ भक्तिगीताला तो घुमार शोभा आणतो, पण बोलीभाषेतल्या भराभर येणाऱ्या शब्दांचा तेथे काला होतो. सर्वदिशा माईक तर खोलीही तितक्याच आपुलकीने ऐकतो. म्हणून एका जुन्या कौलारू घराची मधली खोली निवडली, भिंतींवर गोधड्या टांगल्या, खाली सतरंज्या अंथरल्या. जानेवारीची थंडी असल्याने पंख्याची गरज नव्हती. रात्री नऊनंतर विहिरीवरचे पंप बंद झाले, कावळे झोपले, आणि शेजाऱ्यांनी आपण होऊन दूरदर्शन संच बंद ठेवले. धर्मग्रामाने त्या कामाला दिलेली ही दुसरी वर्गणी होय, असे आम्ही मानतो. तीन रात्रींत बावीस गाणी मिळाली.

उरलेल्या वर्गणीत एक भक्कम स्टँड आला, एक दिवस व्हायोलिनसाठी महागडा माईक भाड्याने आणला, आणि दोन हार्ड डिस्क घेतल्या. मुद्रणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरांत असाव्यात, कारण एकाच जागी ठेवलेली वस्तू ही अर्धी हरवलेलीच असते. माईकची निगा हाही आपल्या समुद्रकाठच्या हवेत गंभीर विषय आहे. दमटपणामुळे त्यातला भार गळू लागतो आणि तळल्यासारखा तडतड आवाज येतो. काम संपताच तो पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवावा. पावसाळ्यात पुड्या वरचेवर वाळवाव्यात. तो चालू आहे काय हे पाहण्यासाठी त्यात फुंकू नये, टिचकी मारू नये. तार जोडताना व काढताना ४८ व्होल्टचे बटन बंद असावे.

आता कोणी विचारले, “फादर, कोणता माईक घ्यावा?” तर आम्ही कंपनीचे नाव सांगत नाही. आधी आपली खोली ऐका, असे सांगतो. डोळे मिटून पाच मिनिटे बसा आणि काय काय ऐकू येते ते लिहून काढा. माईकला ते सारे ऐकू येणार आहे. मग ज्याचे गाणे घ्यावयाचे त्यालाच दोन-तीन माईकांपुढे बसवा आणि नाव न पाहता निवडा. एकटा गळा असेल तर मोठ्या पापुद्र्याचा, वाद्ये व वृंद असतील तर छोट्यांची जोडी, आणि गोलात बसून गाणाऱ्या बायका असतील तर सर्वदिशा. एवढे पैसे नसतील तर उसना आणा. उसनाही मिळत नसेल तर पंखा बंद करून मोबाईलवर घ्या, पण घ्या. आमच्या सातजणींपैकी एकीला त्यानंतरच्या पावसाळ्यात दम्याने गाठले. आता त्या ओळ उचलू शकत नाहीत, नुसती झेलतात.

एक सूचना अखेरीस. गाणे संपल्यावर माईक लगेच बंद करू नये. त्या गाण्यातले जुने शब्द सावकाश उच्चारून त्यांचा अर्थ गाणारीलाच सांगावयास लावावा, आणि गाणे तिने कोणाकडून घेतले हेही विचारावे. आमच्या बावीस गाण्यांपैकी पाच गाण्यांतले काही शब्द आज फक्त त्या दोन-दोन मिनिटांच्या बोलण्यामुळे आम्हांला कळतात.